ओश्वियेंचिम : एका जंक्शन गावाची कहाणी

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत पोलंडमधल्या एका छोट्या गावाचा इतिहास कशाला, असे काही वाचकांना वाटेल. संपादक मंडळालाही आधी तसेच वाटले होते. पण आपल्या मंडळातले निम्मे सभासद रेल्वेत आहेत आणि उरलेल्यांपैकी बरेचजण रेल्वेमुळेच इटारसीत येऊन स्थायिक झाले आहेत. हा लेखही एका रेल्वे जंक्शनचा आहे असे सांगितल्यावर मला चार पाने मंजूर झाली.

विषय डोक्यात शिरला तो घरातच. दहावीतली माझी मुलगी टीव्हीवर दुसऱ्या महायुद्धावरचा माहितीपट पाहत होती. पडद्यावर विटांची एक लांबलचक इमारत होती, मधोमध मनोरा, त्याच्या पोटात कमान आणि त्या कमानीतून सरळ आत जाणारे रूळ. ती म्हणाली, "बाबा, हे रूळ कुणी टाकले असतील हो? गाडी कुठे जाणार हे त्यांना माहीत नव्हतं का?"

डिप्लोमा करून पी. वे.मध्ये लागल्याला मला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. रूळ, स्लीपर आणि गिट्टी हेच माझे जग. तरीही त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. मग जमेल तसे वाचत गेलो, जुने नकाशे आणि छायाचित्रे पाहिली. ते गाव मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पोलंड हे नाव मात्र मला परके नव्हते. माझे आजोळ कोल्हापूरजवळचे. तिथे वळिवडे स्टेशनजवळ १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. आजी त्या 'पोलंडवाल्यां'विषयी आपुलकीने बोलायची. त्या लोकांना रशियाने घरातून काढून सैबेरियाकडे नेले होते आणि तिथून ते इराणमार्गे आपल्याकडे आले. त्यांच्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेला, हे आपले गाव आहे. पोलिश लोक त्याला ओश्वियेंचिम म्हणतात. जर्मन भाषेतले त्याचे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे : आउश्वित्झ.

नदीकाठचा किल्ला

बहुतेकांना वाटते की आउश्वित्झ म्हणजे फक्त छळछावणी. तिथे आधीपासून एक गाव होते, आजही आहे, आणि ते आठशे वर्षांहून जुने आहे, हे वाचून मी चकित झालो.

सोवा नावाची नदी दक्षिणेच्या डोंगरातून येते आणि गावाजवळच व्हिस्टुला या पोलंडच्या मोठ्या नदीला मिळते. सोवाच्या उंच काठावर किल्ला आणि त्याच्या सावलीत बाजारपेठ, अशी जुन्या गावाची रचना आहे. किल्ल्याचा तेराव्या शतकातला बुरूज अजून उभा आहे. गावाला नगराचे अधिकारही त्याच शतकात, १२७० च्या सुमारास मिळाले. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादवांचे राज्य होते आणि ज्ञानेश्वर माउलींचा जन्म व्हायचा होता.

चौदाव्या शतकाच्या आरंभी ओश्वियेंचिम हे एका लहानशा स्वतंत्र संस्थानाची राजधानी झाले. १३२७ मध्ये त्याच्या सरदाराने बोहेमियाच्या राजाचे मांडलिकत्व पत्करले. १४५७ मध्ये शेवटच्या सरदाराने हे संस्थान पोलंडच्या राजाला, कॅसिमिर चौथा याला, ५०,००० चांदीच्या मार्कांना चक्क विकून टाकले. १५६४ मध्ये ते पोलंडच्या राज्यात रीतसर विलीन झाले. पुढे १६५५ मध्ये स्वीडिश फौजांनी गाव जाळले आणि त्यानंतर त्याची भरभराट थांबली. १७७२ मध्ये शेजारच्या तीन साम्राज्यांनी पोलंडचे लचके तोडले, तेव्हा हा भाग ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेला. व्हिएन्नाच्या सम्राटाच्या लांबलचक बिरुदावलीत 'आउश्वित्झचा ड्यूक' हे बिरूदही जाऊन बसले आणि पहिले महायुद्ध संपेपर्यंत तिथेच राहिले. प्रजेला त्याचा उपयोग शून्य!

सोळाव्या शतकापासून इथे ज्यू कुटुंबे राहू लागली. व्यापार, शिवणकाम आणि मद्यनिर्मिती हे त्यांचे उद्योग. १८०४ साली हाबरफेल्ड या ज्यू कुटुंबाने सुरू केलेला मद्याचा कारखाना दूरवर नावाजला गेला. ज्यूंच्या यिडिश बोलीत गावाचे नाव होते ओश्पित्सिन. जुन्या अरामी भाषेत 'उश्पिझिन' म्हणजे पाहुणे, आणि ज्यूंच्या एका सणात घरी येणाऱ्या पवित्र अतिथींना हा शब्द वापरतात. त्यामुळे हे पाहुण्यांचे गाव, असे तिथले ज्यू कौतुकाने म्हणत. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा गावातली निम्म्याहून अधिक वस्ती, म्हणजे सात-आठ हजार माणसे, ज्यू होती. एका बाजूला कॅथलिक चर्च, दुसऱ्या बाजूला मोठे सिनेगॉग आणि मध्ये सर्वांचा एकच बाजार, असे ते गाव होते.

रेल्वे आली

आता आपल्या विषयाकडे येऊ. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५६ मध्ये, ओश्वियेंचिमला रेल्वे पोहोचली. तोपर्यंत व्हिएन्नाहून क्राकूफला जाणाऱ्या गाडीला प्रशियाच्या मुलखातून वळसा घ्यावा लागे. परक्या राज्यातून जाणे ऑस्ट्रियाला नको होते, म्हणून जेजित्से-ओश्वियेंचिम-ट्शेबिन्या असा संपूर्ण स्वतःच्या हद्दीतला मार्ग टाकण्यात आला. पुढे सायलेशियाच्या कोळसा खाणींकडे जाणारा फाटा निघाला आणि १८८४ मध्ये स्काविनाकडची लाइनही जोडली गेली. झाले जंक्शन! एका बाजूला प्रशियाची हद्द, जवळच रशियाची, उत्तरेला कोळसा आणि दक्षिणेला सम्राटाची राजधानी. इतकी मोक्याची जागा शोधूनही सापडली नसती.

स्टेशन मात्र गावापासून दीड-दोन किलोमीटर दूर, नदीच्या पलीकडे बांधले गेले. त्या भागाचे नाव झासोले, म्हणजे 'सोवापलीकडचे'. इटारसीची गोष्टही फारशी वेगळी नाही. गाडी बदलायला उतरलेला माणूस फलाट पाहतो, चहा पितो आणि निघून जातो. उभा देश इटारसीवरून गेला असेल, पण इटारसी गाव किती जणांनी पाहिले?

या स्टेशनात सर्वांत जास्त कोण उतरत असे? पोटासाठी घर सोडलेले लोक. तेव्हाचा गॅलिशिया हा ऑस्ट्रियाचा सर्वांत गरीब प्रांत. जमिनीचे तुकडे झालेले आणि कर्ज डोक्यावर. दर वर्षी माणसांचे लोंढे हंगामी शेतमजुरीला प्रशियात जात, आणि कित्येक जण हॅम्बुर्गमार्गे अमेरिकेला. ओश्वियेंचिमला गाडी बदलायची असल्यामुळे एजंटांनी तिथेच दुकाने थाटली. त्यांनी केलेल्या फसवणुकीचा मोठा खटला १८८९-९० मध्ये जवळच्या वादोवित्से गावी चालला आणि त्यात साठाहून अधिक आरोपी होते. खटल्यात बाहेर आलेली एक हकिकत वाचून हसावे की रडावे कळत नाही. अडाणी शेतकऱ्यासमोर एजंट साधे गजराचे घड्याळ वाजवत. ही तारयंत्राची घंटी आहे, प्रत्यक्ष 'अमेरिकेच्या सम्राटा'ला तुमच्याबद्दल विचारले आहे, असे सांगत आणि त्या 'तारे'चे पैसे उकळत. घर सोडून निघालेल्या माणसाला लुबाडणे सर्वत्र सोपे असते. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा वऱ्हाडातून किंवा खानदेशातून पत्र्याची ट्रंक घेऊन इथे उतरले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मजुरांसाठी बांधलेल्या बराकी

या हंगामी मजुरांची स्टेशनावर फार आबाळ होई. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६-१७ च्या सुमारास, झासोले भागात त्यांच्यासाठी एक वसाहत बांधली गेली : विटांच्या पक्क्या वीस-बावीस इमारती आणि पुष्कळशा लाकडी बराकी. परगावी कामाला निघालेल्या माणसाला रात्रीचा निवारा मिळावा, एवढाच तिचा हेतू. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. मग त्या इमारतींत काही काळ निर्वासित राहिले आणि काही भाग पोलिश सैन्याकडे गेला.

वाचताना मी इथे थांबलो. कारण आउश्वित्झची पहिली छावणी म्हणून जग ज्या विटांच्या इमारती पाहते, त्यांतल्या बऱ्याचशा याच आहेत.

ती पाच वर्षे

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा गावात शिरल्या. ओश्वियेंचिम थेट जर्मनीला जोडले गेले, गावाचे नाव आउश्वित्झ झाले आणि बाजाराच्या चौकाला हिटलरचे नाव दिले गेले. नोव्हेंबरमध्ये मोठे सिनेगॉग जाळण्यात आले. एप्रिल १९४० मध्ये छावणीचा हुकूम निघाला. तयार बराकी आणि चारी दिशांना जाणारी रेल्वे, दोन्ही तिथे होतेच. १४ जून १९४० रोजी टार्नूफ गावाहून पहिली गाडी आली. तिच्यात ७२८ पोलिश राजकीय कैदी होते.

१९४१ मध्ये एका बलाढ्य जर्मन रसायन उद्योगाने, आय. जी. फार्बेनने, गावाशेजारी कृत्रिम रबराचा कारखाना काढायचे ठरवले. कोळसा, पाणी, चुनखडी आणि रेल्वे सारे हाताशी होते, वर छावणीतले फुकट मजूर. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गावातल्या ज्यूंना घरे सोडायला लावून आजूबाजूच्या शहरांत हलवले गेले. चारशे वर्षांची वस्ती काही दिवसांत रिकामी झाली. पुढे त्यांतल्या अनेकांना गाडीत घालून पुन्हा याच गावी आणले गेले, मरण्यासाठी. झासोले आणि आसपासच्या खेड्यांतल्या पोलिश कुटुंबांनाही हुसकावले गेले. त्यांतले एक खेडे ब्झेझिंका. नावाचा अर्थ बर्च झाडांची राई. जर्मन भाषेत त्याचेच झाले बिर्केनाऊ, आणि तिथे उभी राहिली सर्वांत मोठी छावणी.

हाबरफेल्ड कुटुंबाची हकिकत एकट्याने वाचू नये अशी आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात कारखान्याचे मालक पती-पत्नी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाला गेले. लहान मुलीला आजीजवळ ठेवले होते. परतीच्या वाटेवर असतानाच युद्ध पेटले, जहाज ब्रिटनकडे वळवण्यात आले आणि त्यांना घरी पोहोचता आले नाही. मुलगी आणि आजी १९४२ मध्ये बेल्झेत्स इथल्या मृत्युछावणीत मारल्या गेल्या.

छावणीत काय झाले याचे वर्णन मी करणार नाही. आकडे तेवढे देतो. युरोपभरातून तिथे सुमारे १३ लाख माणसे आणली गेली. त्यांपैकी सुमारे ११ लाख मारली गेली. त्यांत १० लाखांच्या आसपास ज्यू होते, सत्तर हजारांहून अधिक पोलिश, सुमारे एकवीस हजार रोमा म्हणजे जिप्सी आणि जवळजवळ पंधरा हजार सोव्हिएत युद्धकैदी.

ही सगळी माणसे आली ती रेल्वेने. याबद्दल मात्र मला लिहिलेच पाहिजे.

जर्मन रेल्वेसाठी या 'खास गाड्या' होत्या. त्यांचे रीतसर वेळापत्रक निघे : कुठून सुटणार, कुठे क्रॉसिंग, किती वाघिणी, रिकामा रेक केव्हा परतणार. टाइप केलेले, सहीशिक्क्याचे साधे कार्यालयीन कागद. त्या गाड्यांचे भाडेही आकारले जाई. मालवाघिणीत कोंबलेल्या माणसांना दर होता तिसऱ्या वर्गाचा, किलोमीटरला ४ फेनिग. चारशेहून अधिक माणसे असतील तर समूह सवलत. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुलांना माफ. कैद्यांचे तिकीट एकेरी आणि पहारेकऱ्यांचे परतीचे. हे मी दोनदा वाचले. चुकून मालाच्या दरपत्रकात माणसे गेली असती तर वेडेपणा म्हणून सोडून देता आले असते. पण ही मुले आहेत हे माहीत होते, म्हणून तर अर्धे तिकीट लावले!

सुरुवातीला गाड्या मालधक्क्याच्या यार्डाजवळ उभ्या राहत आणि तिथून लोकांना छावणीत नेत. १९४४ मध्ये हंगेरीतल्या ज्यूंना आणायचे ठरले तेव्हा हे अंतर गैरसोयीचे वाटू लागले. म्हणून मुख्य मार्गावरून फाटा काढून मनोऱ्याच्या कमानीतून थेट छावणीच्या आत तीन लाइनींचे सायडिंग नेण्यात आले. मे महिन्यात ते वापरात आले आणि जुलैपर्यंतच्या आठेक आठवड्यांत हंगेरीहून चार लाखांहून अधिक माणसे त्यावर उतरवली गेली. बहुतेकांना त्याच दिवशी मारण्यात आले. माझ्या मुलीने पडद्यावर पाहिलेले रूळ ते हेच.

गावकरी काय करत होते, असा प्रश्न पडतोच. भीती सर्वांना होती. तरीही कामाला बाहेर आणलेल्या कैद्यांच्या वाटेवर आसपासच्या लोकांनी भाकरीचे तुकडे आणि औषधे लपवून ठेवली, चिठ्ठ्या पोहोचवल्या. त्यापायी कित्येक जण स्वतः छावणीत गेले. जानेवारी १९४५ मध्ये जर्मनांनी ५० हजारांहून अधिक कैद्यांना बर्फातून पायी पिटाळले आणि पुढे उघड्या वाघिणींतून जर्मनीकडे नेले. २७ जानेवारीला सोव्हिएत सैन्य पोहोचले तेव्हा सुमारे ७,००० आजारी आणि मरणोन्मुख माणसे मागे उरली होती.

गाव आजही आहे

युद्धानंतर जे थोडे ज्यू परतले, तेही हळूहळू इतरत्र गेले. गावातला शेवटचा ज्यू रहिवासी २००० मध्ये वारला. त्याच वर्षी गावातले एकमेव शिल्लक सिनेगॉग दुरुस्त करून पुन्हा उघडण्यात आले. जर्मनांनी त्याचे दारूगोळ्याचे कोठार केले होते, म्हणून ते वाचले. जळालेल्या मोठ्या सिनेगॉगच्या जागी २००४ मध्ये उत्खनन झाले आणि जमिनीखाली पुरून ठेवलेले दिवे व झुंबरे सापडली. तिथे २०१९ मध्ये स्मृतिउद्यान झाले. हाबरफेल्डचा जुना कारखाना मात्र २००३ मध्ये पाडला गेला.

छावणीचे संग्रहालय पोलंडच्या संसदेच्या कायद्याने १९४७ मध्ये झाले, आणि १९७९ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. २००७ मध्ये पोलंडच्या आग्रहावरून त्या यादीतले नाव बदलून 'जर्मन नाझी' हे शब्द स्पष्टपणे घातले गेले. हा पाप दुसऱ्याचे आणि नाव आमचे, असा तिथल्या लोकांचा जुना सल आहे. रबराच्या कारखान्याच्या जागेवर युद्धानंतर रसायन उद्योग वाढला आणि त्याने गाव पोसले. आज गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आत आहे. तिथे शाळा आहेत, आइस हॉकीचा नामांकित संघ आहे, किल्ल्यात गावाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. मुले तिथेही दहावीच्या अभ्यासाला कंटाळत असतील. पण लाखो पर्यटक येतात ते छावणी पाहून परत जातात. नदी ओलांडून गावात फार थोडे येतात.

मुलीला दिलेले उत्तर

हे सगळे वाचून झाल्यावर मी मुलीला जवळ बसवले आणि म्हटले, "बाळा, तुझ्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. १८५६ मध्ये ज्यांनी तिथे रूळ टाकले, त्यांना काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी कोळशासाठी आणि माणसांसाठी चांगला रस्ता केला. बराकी बांधणाऱ्यांनीही मजुरांना डोक्यावर छप्पर दिले. त्यांचा दोष नाही. पण १९४४ मध्ये ज्या साहेबांनी सायडिंगच्या नकाशावर सही केली, त्यांना ठाऊक होते. ज्यांनी रिकाम्या रेकची वेळ लिहिली, त्यांनी तो रेक रिकामा का आला हे विचारले नाही."

त्यावर ती म्हणाली, "मग त्यांना शिक्षा झाली?" जर्मन रेल्वेचा तेव्हाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी अल्बर्ट गान्झेनम्युलर हा शिक्षणाने इंजिनिअरच. त्याच्यावर १९७३ मध्ये खटला उभा राहिला, पण त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि खटला पुढे चाललाच नाही. १९९६ मध्ये तो म्हातारपणी वारला. हे सांगताना मला तिच्याकडे पाहवले नाही.

१८५६ च्या आणि १९४४ च्या त्या दोन्ही मार्गांचे गेज एकच आहे, चार फूट साडेआठ इंच. मोजपट्टी लावली तर काहीच फरक सापडणार नाही. आम्हा रेल्वेवाल्यांना शिकवले जाते की कागद नियमात असला, सिग्नल मिळाला की गाडी सोडायची. ते बरोबरच आहे, त्याशिवाय रेल्वे चालणार नाही. पण हे वाचल्यापासून एखाद्या कागदावर सही करताना माझा हात क्षणभर थांबतो आणि मी मजकूर पुन्हा वाचतो. बहुधा तो पॉइंट दुरुस्तीचा किंवा गिट्टीचा साधाच कागद असतो. तरी वाचतो.

आपला बाप्पा बुद्धीची देवता. ते वेळापत्रक बनवणाऱ्यांकडे बुद्धीची कमतरता नव्हती, गाड्या वेळेवर धावत होत्या. तेव्हा या वर्षी आरतीनंतर हात जोडताना मुलांसाठी नुसत्या बुद्धीऐवजी विवेक मागावा, असे मी ठरवले आहे. आणि कधी कुणी युरोपला गेलात आणि ती छावणी पाहायला गेलात, तर परतीची गाडी पकडण्याआधी नदी ओलांडून जुन्या बाजारात जरूर जा. तिथे चहा-कॉफी घ्या, दोन माणसांशी बोला. ओश्वियेंचिमच्या लोकांना त्यांच्या गावाच्या नावाने हाक मारणारा कुणीतरी भेटला, तर बरे वाटेल.